साडेतीन गोळ्या

हौसाबाईंच्या बाटलीत साडेतीन गोळ्या उरल्या होत्या.

मी त्या ट्रेमध्ये पुन्हा एकदा सरकवून पाहिल्या. एक, दोन, तीन आणि ही अर्धी. या कामाला लागल्यापासून मी हजारो गोळ्या मोजल्या असतील. कुणाच्या चार उरायच्या, कुणाच्या नऊ, कुणी बाटलीच एसटीत विसरून यायचं. पण 'साडे' कधी कुणाचं उरलं नव्हतं. फॉर्मवरच्या चौकोनात अर्धं लिहायची सोयसुद्धा नव्हती.

"मावशी, ही अर्धी कुठून आली?"

हौसाबाई कोळेकर माझ्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. आटपाडीकडच्या एका धनगरवाडीतल्या, साठी उलटलेल्या, उन्हानं रापलेल्या. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली तरी डाव्या खांद्यावरचा पदर पुनःपुन्हा पुढे ओढायची त्यांची सवय गेली नव्हती. आत्ताही त्यांनी तो ओढला.

"मोडली आसंल."

"मोडलेली गोळी अशी नसते. कड बघा ना, किती सरळ आहे. सुरीनं कापल्यासारखी."

"सुरीनं न्हाई," त्या झटकन म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मी पेन खाली ठेवलं. बाहेर नंबर लावून बसलेल्या बायकांची कुजबुज चालली होती, ती एकदम थांबल्यासारखी वाटली.

"मग कशानं?"

"अडकित्त्यानं." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "सुरीनं भुगा हुतो."

"गिळायला जड जाते का? तसं असेल तर सांगायचं ना."

"व्हय, व्हय. जड जाती."

"म्हणजे अर्धी-अर्धी करून दोन्ही अर्ध्या तुम्हीच घेता?"

यावर मात्र हौसाबाईंना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरी, हितं नगं. दुपारी धर्मशाळेत ये. आमच्यासंगं भाकरी खा. मग समदं सांगते."

हे सात वर्षांपूर्वीचं. जिल्ह्याच्या गावातलं आमचं कॅन्सर रुग्णालय साठ खाटांचं. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती आणि बाळंतपणाची रजा संपवून मला कामावर परतून चार महिने उलटले होते. काम काय, तर एका अभ्यासात नाव नोंदवलेल्या बायकांना दर चार आठवड्यांनी बोलवायचं, गोळ्यांची नवी बाटली द्यायची, जुनी परत घ्यायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि लिहून ठेवायचं.

अभ्यास एका जुन्या गोळीचा होता. कित्येक वर्षं भलत्याच आजारासाठी दिली जाणारी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी, स्वस्तातली गोळी. प्रयोगशाळेत असं दिसलं होतं की ती कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते. मग स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पुरे झालेल्या बायकांना ती दोन वर्षं दिली, तर आजार उलटायचं प्रमाण कमी होईल का? एवढाच प्रश्न. गोळीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या कुणीतरी ते चिठ्ठीवर उतरवून दुकानात जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

उत्तर शोधायची रीत ठरलेली होती. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली साधी गोळी. कुणाला कुठली, हे ना त्यांना ठाऊक, ना मला, ना आमच्या डॉक्टर निटवे मॅडमना. ते फक्त पुण्यातल्या मुख्य केंद्राच्या संगणकाला ठाऊक. बायकांना हे सगळं समजावूनच त्यांच्या सह्या-अंगठे घेतलेले होते. नऊ गावांतली नऊ रुग्णालयं या कामात होती आणि त्यात आमचं सगळ्यांत लहान. लांबून येणाऱ्या आमच्या बायका सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं यायच्या, रुग्णालयामागच्या धर्मशाळेत मुक्काम करायच्या आणि मंगळवारी तपासणी करून परत जायच्या. महिन्यातली ती एक रात्र त्यांची माहेरपणाची असे.

दुपारी मी धर्मशाळेत गेले. मे महिना, पत्रा तापलेला. अकरा जणी गोल करून बसल्या होत्या. मधे भाकरी, वांग्याचं भरीत, कुणाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. माझ्यासाठी पाट मांडला होता. आरोपीनं न्यायाधीशाला मांडावा तसा.

"आधी खा," हौसाबाई म्हणाल्या. "अंगावर पाजतीस, उपाशी ऱ्हाऊ नगं."

मी दोन घास खाल्ले. मग न राहवून विचारलं, "मावशी, दुसरी अर्धी कुणाच्या पोटात जाते?"

हौसाबाईंनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. शेवटी कडेला बसलेली शमीम म्हणाली, "माझ्या."

शमीम मुजावर तासगावकडची, तेहतीस वर्षांची, अकरा जणींत सगळ्यांत लहान. दिवस गेलेले असतानाच तिला गाठ लागली होती. बाळंत झाली आणि पंधरा दिवसांत उपचार सुरू झाले. तिची मुलगी सना आता पावणेदोन वर्षांची होती आणि मुडदूस झाल्यामुळे अजून धरून-धरूनच चालायची. आत्ता ती हौसाबाईंच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा चघळत होती.

"हिची गोळी साधी हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"जिभेनं. आमी समद्यांनी चाटून बगितली. माझी कडू. ह्या सुमनची बी कडू. हिची निस्ती मचूळ. पीठ नुसतं."

"मावशी, दोन्ही गोळ्या चवीला सारख्याच बनवतात. केमोनंतर तोंडाची चव किती दिवस ठिकाणावर नसते, तुम्हीच नाही का सांगत?"

"आसंल. पर माझ्या जिवाला कळलं ते कळलं." त्यांनी सनाच्या तोंडावरचे कण पुसले. "आता तूच सांग. माझी नातवंडं कालेजात जात्यात. हिच्या पोरीला अजून धड चालता येत न्हाई. खऱ्या गोळीची गरज कुनाला? मी म्हनलं, माझी बाटली हिला घेऊ दे. तर ही बया घेईना."

"कशी घेऊ?" शमीम म्हणाली. "मग आक्कांनी काय खायचं?"

"मग संक्रांत आली," सुमन मधेच म्हणाली. ती पन्नाशीची, शाळेत शिपाई, आणि कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "सोमवारी आम्ही इथंच हळदीकुंकू केलं. आक्कांनी शमीमच्या ओंजळीत तीळगूळ घातला आणि वर वाण म्हणून गोळ्या. अर्ध्या केलेल्या. कागदात बांधून."

"मला काय ठाऊक वाण काय असतं!" शमीम म्हणाली. "आक्का म्हणाल्या, वाणाला नाही म्हणायचं नसतं. सगळ्याजणी म्हणाल्या, नसतं. मग मी घेतलं. आणि मग माझ्या अर्ध्या त्यांना दिल्या."

"ते बघून आम्हीपण जोड्या लावल्या," सुमन म्हणाली. "एक कडूवाली, एक मचूळवाली. मी अकरावी, एकटी उरले. मग मला आक्का आणि शमीमनं त्यांच्यात घेतलं. तिघींची वाटणी जरा अवघड जाते हो. एखादी अर्धी चुकून इकडची तिकडे होते."

अशी ती साडेतीन. संक्रांतीपासून मेपर्यंत, चार महिने. अकराच्या अकरा जणींनी औषध भाकरीसारखं वाटून खाल्लं होतं आणि प्रत्येकीच्या नावापुढे मी, स्वतःच्या हातानं, 'नियमित घेतली' असं लिहिलं होतं.

माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. हौसाबाईंनी माझं मनगट धरलं.

"लिवू नगं, पोरी. हितनं फुडं न्हाई करनार. पर झालं ते लिवू नगं. आमाला काढून टाकतील. ही दर महिन्याची तपासनी हाय म्हनून आमी बिनघोर झोपतो."

"मी बघते."

"बगते म्हंजे न्हाई लिवत, व्हय ना?"

मी उठले आणि हात धुवायला गेले. नळावर उगाच बराच वेळ उभी राहिले.

औषधांची खोली ही रुग्णालयातली एकच खोली, जिला आतून कडी होती. त्यामुळे दुपारी तीन वाजता मी तिथेच बसून लेकीसाठी दूध काढून ठेवायची. भिंतीवर तापमापक, कपाटात बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीवर नुसता आकडा. त्या दिवशीही बसले. अर्धी गोळी खिशातल्या पाकिटात होती.

गुरुवारी पुण्याहून तपासनीस येणार होते. मागच्या दोन्ही वेळी त्यांनी आमच्या नोंदी इतर केंद्रांना नमुना म्हणून दाखवल्या होत्या. या अभ्यासात आमचं नाव लागावं म्हणून निटवे मॅडमनी तीन वर्षं पत्रं लिहिली होती. एवढ्याशा रुग्णालयाला हे झेपणार नाही, खेड्यातल्या बायका नियम पाळणार नाहीत, असं त्यांना तोंडावर ऐकवलं गेलं होतं. "पाळतील," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि आता मी जाऊन सांगायचं होतं की, मॅडम, नाही पाळले.

अर्धी गोळी बेसिनमध्ये टाकून पाणी सोडायला किती वेळ लागतो? चौकोनात 'तीन' लिहायचं. बायका पुढच्या महिन्यापासून नीट घेतीलच. कुणाचं काय बिघडतं?

पर्समधून रुमाल काढताना लेकीच्या तापाच्या औषधाची बाटली हाताला लागली. सकाळी तिला लस होती, म्हणून आणलेली. बाटलीवर छापलं होतं, वजन सात ते नऊ किलो, इतके थेंब. मी तेवढे थेंब पाजणार होते. डोळे मिटून. ते आकडे कुणी, कधी, कुठल्या गावात लिहून ठेवले होते, मला कुठे ठाऊक होतं? माझ्यासारखीच कुणी तरी ट्रे पुढ्यात घेऊन बसली असेल. तिच्याही समोर कुणी म्हातारी मनगट धरून बसली असेल.

मी दुधाच्या बाटलीला झाकण लावलं आणि मॅडमकडे गेले.

निटवे मॅडम उभ्या-उभ्याच डबा खात होत्या. पंचावन्नच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. रुग्ण त्यांना घाबरायचे नाहीत, आम्ही घाबरायचो.

"मॅडम, एक सांगायचं होतं."

"बोल."

मी सगळं सांगितलं. वाण, अडकित्ता, जोड्या, चार महिने. सांगता सांगता त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी डबा बंद केला.

"किती जणी?"

"अकरा."

"आपल्याकडच्या चौतीसपैकी अकरा." त्या खिडकीपाशी गेल्या. "आणि गुरुवारी पुण्याचा माणूस."

"हो."

"आत्तापर्यंत कुणाकुणाला ठाऊक आहे हे?"

"त्यांना, मला आणि आता तुम्हाला."

आता त्या काय म्हणतील ते मला ऐकायचं होतं आणि नव्हतंही. खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की त्यांनी म्हणावं, 'राहू दे, वृषाली.' मग ओझं माझ्यावर राहिलं नसतं.

त्या वळल्या. "तू मला हे विचारायला आलीस, का सांगायला?"

मी गोंधळले. "म्हणजे?"

"विचारायला आली असशील, तर मी आज जरा दमलेय आणि काय बोलून बसेन याचा मलाच भरवसा नाही. सांगायला आली असशील, तर आधी लिहून ये. तारीख, वेळ, सही. मग बोलू."

मी परत औषधांच्या खोलीत गेले आणि लिहिलं. उरलेल्या गोळ्या, साडेतीन. चौकोनाच्या बाहेर, समासात. खाली कारण. अकरा जणींचे क्रमांक. सही. तारीख. वेळ, तीन वाजून चाळीस मिनिटं. खाडाखोड एकही नाही. तो कागद मी नंतर कितीदा पाहिला असेल. माझ्या अक्षराचा मला तेवढा अभिमान कधी वाटला नाही.

तो वाचून मॅडमनी खाली स्वतःची सही केली. "चल," म्हणाल्या. "बायकांच्या गाड्या सुटायच्या आत."

धर्मशाळेत आम्ही दोघी शिरलो तशा सगळ्याजणी उभ्या राहिल्या. मॅडम सरळ खाली सतरंजीवर बसल्या. मग त्यांनाही बसावं लागलं.

"वृषालीनं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "लिहायलाच हवं होतं. ते खोडलं जाणार नाही."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सोसली नाही.

मॅडम समजावून सांगू लागल्या. दोन गट, तुलना, योगायोग, निष्कर्ष. शब्द मोठे-मोठे होत गेले आणि समोरचे चेहरे बंद-बंद होत गेले. सुमन उगाच मान हलवत होती, शाळेत साहेब आल्यावर हलवावी तशी.

"थांबा, म्याडम," हौसाबाई अचानक म्हणाल्या. "हे मेंढरावानी हाय का?"

"मेंढरं?"

"मी नवी नवरी हुते तवाची गोष्ट. मेंढरांना हगवन लागली. एक वैदू आला, म्हनला, हा पाला पाजा, एक बी मरनार न्हाई. माझा सासरा लई डोक्याचा. त्यानं काय केलं, निम्म्या मेंढरांच्या पाठीला गेरू लावला. गेरूवाल्यांना पाला पाजला, बाकीच्यांना न्हाई. पंधरा दिसांनी मोजली. गेरूवाली जेवढी मेली, तेवढीच बिनगेरूची मेली."

"मग?" मॅडम पुढे झुकल्या होत्या.

"मग काय! काठी घेऊन वैदूच्या मागं लागला. नदीपतूर पळवला त्याला."

बायका हसल्या. हौसाबाई मात्र हसता हसता थांबल्या. त्यांचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आरं द्येवा," त्या हळूच म्हणाल्या. "आन् मी काय केलं? समद्यांच्या पाठीला निम्मा-निम्मा गेरू फासला."

मी तीन वर्षं महाविद्यालयात हा विषय शिकले होते. एवढ्या नेमक्या शब्दांत मला तो कुणी सांगितला नव्हता. मॅडमनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

"पण मॅडम," शमीम म्हणाली. सना आता तिच्या मांडीवर झोपली होती. "माझी खरंच साधी असली तर?"

"असू शकते."

"मग मी तीच खात बसू?"

"शमीम, तुला खोटा धीर देणार नाही. ती गोळी उपयोगाची आहे का, हे मला ठाऊक नाही. कदाचित त्रासाचीही असेल. ठाऊक असतं तर तुम्हा सगळ्यांना तीच दिली नसती का? तेच तर शोधतोय आपण. ज्यांना यातून बाहेर पडायचंय त्यांनी आत्ता सांगा. कुणी रागावणार नाही. आणि तपासणी बंद होणार नाही, माझा शब्द आहे."

शमीमनं लेकीकडे पाहिलं. तिच्या कपाळावरचे घामानं चिकटलेले केस मागे सारले. मला वाटलं, ही आता उठणार. मी तिच्या जागी असते, तर कदाचित उठले असते.

"हिला मोठेपणी असलं काही झालं," ती म्हणाली, "तर त्या डॉक्टरला ठाऊक असेल ना, गोळी कामाची का बिनकामाची?"

"आपण नीट वागलो तर असेल."

"मग लिहा. कुणी कुणाला दिली ते लिहा. पहिलं नाव माझं लिहा."

"पहिलं माझं," हौसाबाई कडाडल्या. "सुरुवात म्या केली. तू मधे मधे करू नगं."

दोघींचं भांडण जुंपलं. शेवटी मॅडमनी दोघींची नावं एकाच ओळीत लिहायला सांगितली. मग एकेक जोडी पुढे आली. कधीपासून, किती, कुणाची कुणाला. दुपारपर्यंत 'लिवू नगं' म्हणणाऱ्या बायका आता मला तारखा सुधारून सांगत होत्या. "तवा मी आजारी हुते, तो आठवडा धरू नगं." "माझ्या दोन पडल्या होत्या, ते लिहिलंत का?" बारा पानं भरली. एकही बाई सोडून गेली नाही.

शेवटी हौसाबाईंनी कनवटीचा अडकित्ता काढून मॅडमच्या पुढ्यात ठेवला. "ह्यो घिऊन जावा."

"अहो, सुपारीला लागेल ना तुम्हाला."

"सुपारी कवाच सुटली. तुमीच न्हाई का सोडाया लावली? रिकामा हुता म्हनून तर ही बुद्धी झाली!"

मॅडम हसल्या. खळखळून हसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवारी पुण्याचे तपासनीस आले. बारा पानं त्यांनी दोनदा वाचली.

"हे तुमचं तुम्ही शोधून काढलंत? कुणी तक्रार केली नव्हती?"

"कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "हिनं शोधलं, हिनं लिहिलं. आणि रुग्णांनी स्वतः सांगितलं."

ते कागद घेऊन गेले. तीन आठवडे आम्ही वाट पाहिली. केंद्र बंद होणार, असं धरूनच मी चालले होते. घरी नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं. मग पत्र आलं. केंद्र चालू राहील. अकरा जणींची नावं यादीत राहतील, पण शेवटचं गणित दोनदा मांडलं जाईल, एकदा त्यांना धरून, एकदा वगळून. आणि बाकीच्या आठही केंद्रांना कळवलं होतं, की तुमच्याकडे असं होत नाही ना, रुग्णांशी बसून बोला.

ते बोलले. दोन ठिकाणी तेच निघालं. एका गावात दोन जावा एकमेकींना गोळ्या देत होत्या, दुसरीकडे तर मुक्कामाला येणाऱ्या सगळ्याच बायका. तिथल्या नोंदी आमच्यासारख्याच स्वच्छ होत्या. कुणाला 'साडे' सापडलं नव्हतं, एवढंच.

हौसाबाई त्यानंतर तिसऱ्या वर्षी गेल्या. आजार हाडांत उतरला होता. त्यांची गोळ्यांची दोन वर्षं तोवर पुरी झाली होती. शेवटची बाटली त्यांनी मला परत दिली, तेव्हा ती ट्रेमध्ये स्वतःच उपडी केली आणि स्वतःच मोजली. "चार. पुऱ्या. बघून घे." मी पाहिलं. चार, पुऱ्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये निकाल लागला. मॅडमनी आमच्या सगळ्या बायकांना बोलावून घेतलं. ज्या नव्हत्या त्यांच्या घरच्यांना बोलावलं. हौसाबाईंची तेव्हा कालेजात जाणारी नात आली होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गोळीचा उपयोग नाही. खरी घेतलेल्या आणि साधी घेतलेल्या, दोन्ही गटांत काही फरक नाही. दोन्ही प्रकारे मांडलं, उत्तर तेच."

आता गुपित उघडायला हरकत नव्हती. शमीमनं हात वर केला. "मॅडम, आक्कांची गोळी कुठली होती?"

मॅडमनी यादी पाहिली. "साधी."

"आणि माझी?"

"तुझीही साधी."

शमीमला हसू फुटलं. तोंडाला ओढणी लावून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हौसाबाईंची नात तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तीही हसत होती, की रडत होती, मला सांगता येणार नाही.

निकालाचा लेख नंतर इंग्रजी मासिकात छापून आला. नऊशे बायकांचा अभ्यास, आणि त्यात एक ओळ आहे, की एका केंद्रातल्या अकरा सहभागी स्त्रियांनी गोळ्या वाटून घेतल्याचं स्वतःहून कळवलं आणि त्यावरून सर्व केंद्रांची फेरतपासणी झाली. नावं नाहीत. नियमच तसा आहे. म्हणून इथे मी ती लिहिते आहे. जमेल तेव्हा, लेक शाळेत गेल्यावर.

मागच्या सोमवारी धर्मशाळेत नव्या बायका आल्या. आता दुसऱ्या एका जुन्या गोळीचा अभ्यास सुरू झाला आहे. बायकांना समजावून सांगायचं काम मॅडमनी माझ्याकडून काढून शमीमला दिलंय. ती महिन्यातून एकदा तासगावहून येते. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

"जेवण वाटा," ती सांगत होती. "चादर वाटा. रडायचं असेल तर तेही मिळून रडा. गोळी वाटायची नाही. कितीही जीव असला एकमेकींवर, तरी नाही."

जतहून आलेल्या एका नव्या बाईनं विचारलं, "तुम्ही घेतली होती म्हणे आधीच्या वेळी. मग लागू पडली का ती?"

"नाही," शमीम म्हणाली.

पोरगी बोर्डात पहिली आली, हे सांगावं, तसं.